सूडाचा आस्वाद : व्ही. ई. श्वाब यांच्या ‘व्हेंजफुल’ या उत्तरकादंबरीतील प्रतिस्पर्ध्यांचा विचार

प्रास्ताविक

आपल्या महाविद्यालयीन वाङ्मयाभ्यासात कल्पनारम्य कादंबरीचे स्थान अद्यापि संकोचाचेच आहे. विद्यार्थी ती आवडीने वाचतात, अध्यापकही वाचतात. परंतु चर्चासत्रात वा शोधनिबंधात तिचा उल्लेख झालाच, तर ‘रंजक वाङ्मय’ एवढ्या दोन शब्दांत तिची बोळवण होते. रंजन कशाने होते, ते वाचकाच्या नैतिक जाणिवेशी काय करते, हा पुढचा प्रश्न विचारला जात नाही. वास्तविक भारतीय काव्यशास्त्राचा आरंभच ‘आनंद कशाने होतो’ या प्रश्नातून झालेला आहे. ज्या परंपरेने बीभत्स आणि भयानक यांना रसांच्या पंक्तीत बसविले, त्या परंपरेच्या वारसदारांना अंधाऱ्या कल्पनारम्य कादंबरीच्या आस्वादाविषयी बोलताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

प्रस्तुत लेखात व्ही. ई. श्वाब या अमेरिकन लेखिकेच्या ‘व्हेंजफुल’ (२०१८) या कादंबरीचा विचार केला आहे. ही कादंबरी त्यांच्याच ‘व्हिशस’ (२०१३) या कादंबरीचा उत्तरभाग होय. दोन्ही कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी परस्परांचे एकेकाळचे मित्र आणि नंतरचे वैरी असलेले दोन पुरुष आहेत. दोघेही खुनी आहेत. दोघांपैकी एकालाही रूढ अर्थाने नायक म्हणता येत नाही. असे असूनही वाचक एकाची बाजू घेतो आणि दुसऱ्याच्या नाशाची वाट पाहतो. ही बाजू वाचक कशाच्या आधारावर घेतो, आणि उत्तरभाग त्या आधाराचे काय करतो, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. या कादंबरीतून मिळणारा आनंद नैतिक प्रश्नांना बाजूला सारून मिळत नाही; तो त्या प्रश्नांच्या पोटातून मिळतो, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. पार्श्वभूमी : एका प्रबंधातून जन्मलेले वैर

‘व्हिशस’ची कथा सुरू होते ती एका विद्यापीठात, ही बाब अध्यापकवर्गाने आवर्जून ध्यानात घ्यावी अशी आहे. लॉकलँड या काल्पनिक विद्यापीठात व्हिक्टर व्हेल आणि एली कार्डेल हे दोघे एकाच खोलीत राहतात. दोघे कमालीचे बुद्धिमान आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी एली ‘असामान्य’ माणसांचा विषय निवडतो. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या काही जणांना विलक्षण शक्ती प्राप्त होते, असा त्याचा सिद्धांत आहे. व्हिक्टरच्या आग्रहातून हा सिद्धांत कागदावरून शरीरावर येतो. एली बर्फाच्या पाण्यात मरतो आणि पुन्हा जिवंत केला जातो. त्याच्या शरीराला कोणतीही जखम आपोआप भरून काढण्याची शक्ती येते. व्हिक्टरचा पहिला प्रयत्न फसतो. दुसऱ्या प्रयत्नात तो वेदनेवर सत्ता मिळवून परततो. स्वतःची वा दुसऱ्याची वेदना त्याला हवी तशी वाढविता वा शून्यावर आणता येते. परंतु याच प्रयोगात त्याला साहाय्य करणारी अँजी ही तरुणी मरण पावते. ती एलीची प्रेयसी असते.

येथून दोघांच्या वाटा फुटतात. एली स्वतःच्या मार्गदर्शक प्राध्यापकाचा जीव घेतो. आपली शक्ती ही ईश्वराची देणगी असून इतर असामान्य माणसे ही निसर्गाविरुद्धची विकृती आहेत, त्यांचा नाश करणे हे आपले ईश्वरदत्त कार्य आहे, अशी त्याची धारणा बनते. व्हिक्टर दहा वर्षे तुरुंगात काढतो आणि बाहेर पडतो तो एलीचा सूड घेण्यासाठी. त्याच्यासोबत तुरुंगातील सोबती मिच टर्नर असतो. वाटेत सिडनी क्लार्क ही मृतांना उठविणारी लहान मुलगी भेटते, जिला एलीने मारण्याचा प्रयत्न केलेला असतो. अखेरीस व्हिक्टर एलीच्या हातून मरण पत्करतो, जेणेकरून एली खुनी म्हणून पकडला जावा. आणि सिडनी व्हिक्टरला पुन्हा जिवंत करते.

येथे कथानकाचे वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे वाटते. पाच वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झालेली, आणि कथेतही पाच वर्षे पुढे गेलेली ‘व्हेंजफुल’ हे वर्तुळ पुन्हा उघडते.

२. प्रतिनायकांचे जग

धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाची लक्षणे सांगताना लोभ, उद्धटपणा, ताठरपणा, पापाचरण आणि व्यसनाधीनता यांचा निर्देश केला आहे. प्रतिनायक ही संकल्पना नायकाच्या अस्तित्वावर अवलंबून आहे. नायक आहे म्हणून त्याच्या विरोधात प्रतिनायक आहे. श्वाब यांच्या कादंबऱ्यांत हा मूळ आधारच काढून घेतलेला आहे. येथे दोन प्रतिनायक समोरासमोर उभे आहेत आणि नायकाचे आसन रिकामे आहे.

या रचनेची पूर्वपीठिका पाश्चात्त्य वाङ्मयात शोधता येते. मिल्टनच्या महाकाव्यातील (१६६७) सैतानाने वाचकांची सहानुभूती खेचून घेतली, या वादाला शतके लोटली. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) निर्माता आणि त्याची निर्मिती हे परस्परांचे वैरी बनतात, आणि त्यांतील अपराधी कोण हे ठरविणे अवघड होते. त्या निर्मात्याचे नाव व्हिक्टर आहे, आणि त्याचाही अपराध विद्यापीठातील ज्ञानलालसेतून घडतो. अमेरिकन चित्रकथांत १९६३ पासून आलेल्या प्रोफेसर एक्स आणि मॅग्नेटो या जोडीने मित्र असलेल्या वैऱ्यांचा नमुना लोकप्रिय केला. परंतु या जोडीत एक बाजू निश्चितपणे उजेडाची असते. श्वाब यांनी ती बाजूच ठेवलेली नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. नारायण धारप यांच्या भयकथांत अमंगल शक्ती बाहेरून येते आणि ‘समर्थ’ या व्यक्तिरेखेच्या रूपाने तिला परतवून लावणारी मंगल शक्तीही उपलब्ध असते. वाचकाला भय वाटते, पण कोणाच्या पाठीशी उभे राहावे याविषयी त्याच्या मनात शंका नसते. श्वाब यांच्या मेरिट शहरात समर्थ नाही. अमंगल कोठून आले हे शोधायला गेल्यास ते वाचकाला ज्याच्याविषयी आपुलकी वाटते त्याच्यातच सापडते.

मग वाचक व्हिक्टरची बाजू का घेतो? पहिल्या कादंबरीचे सूक्ष्म वाचन केल्यास त्याची कारणे सांगता येतात. एक, कथा आपल्याला प्रथम व्हिक्टरच्या सहवासात नेते. दोन, व्हिक्टर स्वतःला सज्जन म्हणवत नाही, एली म्हणवतो. ढोंगी माणसापेक्षा उघड दुर्जन बरा, हा आपला सर्वसाधारण कल असतो. तीन, व्हिक्टरच्या सोबत एक लहान मुलगी, एक भला धिप्पाड माणूस आणि एक कुत्रा आहे. त्यांच्यावरील आपली माया व्हिक्टरच्या खात्यात जमा होते. या तिन्ही कारणांत व्हिक्टरच्या कृतीचे समर्थन कोठेही नाही. म्हणजे वाचकाने दिलेला कौल न्यायाचा नाही, तुलनेचा आहे. व्हिक्टर बरा आहे असे नव्हे, तो एलीपेक्षा बरा वाटतो एवढेच.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे. मृत्यूतून परतताना माणसात काहीतरी उणे होते, हे एलीचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. परतल्यानंतर व्हिक्टरलाही पश्चात्ताप, भीती यांची जागा रिकामी झाल्याचे जाणवते. एलीचे निरीक्षण अंशतः खरे आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र भयंकर आहे, आणि त्यातून त्याने स्वतःला वगळलेले आहे. वैऱ्याच्या विचारात सत्याचा अंश ठेवणे हे या लेखिकेचे खरे सामर्थ्य होय.

३. उत्तरभागाचे प्रयोजन : विजयाची किंमत

उत्तरभाग लिहिण्यामागे पुष्कळदा व्यावसायिक कारण असते, आणि म्हणून समीक्षक त्याकडे संशयाने पाहतात. परंतु उत्तरभाग हा वाङ्मयीन दृष्ट्या स्वतंत्र अर्थ निर्माण करू शकतो, याचे आपल्या परंपरेतील उत्तम उदाहरण भवभूतीचे आहे. ‘महावीरचरित’ रामाच्या विजयाशी आणि राज्याभिषेकाशी थांबते. ‘उत्तररामचरित’ त्या राज्याची किंमत कोणी मोजली हे दाखविते. पहिल्या नाटकातील वीर दुसऱ्यात करुणाचा विषय बनतो. उत्तरभागाने पूर्वभागाला प्रश्न विचारावा, ही अपेक्षा त्यामुळे रास्त ठरते.

‘व्हेंजफुल’ हा प्रश्न व्हिक्टरच्या शरीरावरच लिहिते. सिडनीने त्याला उठविले खरे, पण ते उठविणे सदोष ठरते. त्याला ठरावीक काळाने झटके येतात, वेदनेचा स्फोट होतो, आसपासच्या माणसांनाही त्याची झळ लागते आणि त्यानंतर तो काही मिनिटे मरून पडतो. प्रत्येक वेळी हा मृत्यूचा अवधी वाढत जातो. वेदनेचा स्वामी वेदनेचा बळी झालेला आहे. उपाय शोधण्यासाठी तो डॉक्टरांकडे आणि इतर असामान्यांकडे जातो. आणि ज्यांचा उपयोग झाला नाही त्यांना, आपला माग राहू नये म्हणून, तो ठार करतो.

ही घटना कादंबरीच्या नैतिक मांडणीत अत्यंत महत्त्वाची आहे. पहिल्या भागात असामान्य माणसांना एकेक करून मारणारा एली होता, आणि तेच त्याच्या तिरस्काराचे कारण होते. दुसऱ्या भागात व्हिक्टरच्या वाटेवर प्रेते पडू लागतात. कारणे निराळी आहेत. एलीकडे धर्म होता, व्हिक्टरकडे केवळ जगण्याची निकड आहे. मरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र या दोन कारणांत काही अंतर नाही. व्हिक्टरची बाजू घेऊन दुसऱ्या भागात प्रवेश केलेल्या वाचकाला आपली बाजू क्रमशः जड होत गेल्याचे जाणवते. लेखिका वाचकाला कोठेही दटावत नाही. ती फक्त प्रेतांची संख्या वाढवीत नेते.

सिडनीच्या वाट्याला आलेले दुःखही याच प्रश्नाशी निगडित आहे. तिचे वय अठराच्या घरात गेले असले, तरी तिचे शरीर लहान मुलीचेच राहिले आहे. व्हिक्टर आणि मिच तिचे रक्षण करतात; परंतु हे रक्षण तिला गुदमरविते. पहिल्या भागात जे कुटुंबासारखे भासत होते, ते दुसऱ्या भागात तिला कोंडवाडा वाटू लागते. विजयाची किंमत मोजणाऱ्यांत तीही आहे.

४. एलीची कोठडी : वाचकाच्या सूडाची परीक्षा

या कादंबरीचा सर्वांत समृद्ध भाग कोणता, असे विचारल्यास एलीच्या बंदिवासाकडे बोट दाखवावे लागेल. असामान्य माणसांवर नजर ठेवून त्यांना निष्प्रभ करणारी ‘ईऑन’ नावाची एक संघटना या भागात उभी राहिली आहे. तिचा प्रमुख जोसेफ स्टेल हा पूर्वाश्रमीचा पोलीस अधिकारी आहे. एली तिच्या कैदेत आहे. तेथील हॅव्हर्टी नावाचा डॉक्टर एलीच्या शरीरावर प्रयोग करतो. त्याच्या जखमा आपोआप भरतात, म्हणून त्याचे जिवंतपणी विच्छेदन करता येते. आणि शरीर पूर्ववत होते, म्हणून ते पुन्हा करता येते. ज्या शक्तीला एलीने ईश्वराची कृपा मानले, तीच शक्ती त्याचा छळ अनंत काळ चालू राहण्याची सोय करून देते.

पहिल्या भागाच्या अखेरीस वाचकाला एलीला शासन झालेले हवे होते. दुसऱ्या भागात ते शासन वाचकाच्या पुढ्यात ठेवले जाते, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक. येथे वाचकाच्या मनात जे घडते, त्यात या कादंबरीचे मर्म आहे. प्रथम समाधान, मग अस्वस्थता, मग किळस. किळस हॅव्हर्टीची, आणि थोडी आपल्याच आरंभीच्या समाधानाचीही. कादंबरीचे शीर्षक ‘सूडाने पेटलेला’ अशा अर्थाचे विशेषण आहे. ते व्हिक्टरला लागू पडते, एलीला लागू पडते, मार्सेलाला लागू पडते. परंतु या प्रकरणांपर्यंत आल्यावर ते वाचकालाही लागू पडते.

याच टप्प्यावर लेखिका एलीचे बालपण उलगडते. धर्मोपदेशक पित्याच्या हातून झालेला शारीरिक छळ, आणि त्या छळाला दिलेले पावित्र्याचे नाव, हे एलीच्या पुढील जीवनाचे बीज ठरते. आपल्या मुलाच्या अंगात पाप आहे असे मानून त्याला मारणारा पिता, आणि असामान्यांच्या अंगात पाप आहे असे मानून त्यांना मारणारा एली, यांतील साम्य उघड आहे. परंतु लेखिका या बालपणाचा उपयोग एलीला निर्दोष ठरविण्यासाठी करीत नाही. कारण समजणे आणि क्षमा करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे भान तिने राखले आहे. बालपणीच्या जखमेची माहिती देऊन दुर्जनाचा हिशेब मिटविण्याची सवय अलीकडच्या अनेक कादंबऱ्यांना आणि चित्रपटांना लागली आहे. त्या पार्श्वभूमीवर हे भान उठून दिसते.

बंदिवासातील एकांतात एलीला व्हिक्टरचा भास होऊ लागतो. तो त्याच्याशी बोलतो, वाद घालतो. हे दोघे प्रत्यक्ष भेटतात ते कादंबरीच्या अखेरच्या टप्प्यात. तोवर त्यांचे वैर या भासातून जिवंत राहते. ज्याला आपण मारले त्याच्यावाचून एलीला बोलायला दुसरे कोणी नाही, ही गोष्ट या वैराचे स्वरूप स्पष्ट करते. त्या विद्यापीठातील खोलीत दोघांना प्रथमच आपल्या तोलाचा माणूस भेटला होता. वैर ही त्या ओळखीचीच पुढची अवस्था आहे. व्हिक्टरचा शत्रू संपला तर व्हिक्टरला ओळखणाराही संपतो, आणि एलीचेही तसेच आहे.

मराठी कादंबरीच्या वाचकाला ही सहानुभूतीची विभागणी अपरिचित नाही. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) कर्णाबरोबर दुर्योधनालाही स्वतःच्या तोंडून बोलू दिले, आणि महाभारतातील पक्षांविषयीचे आपले ठरलेले उत्तर काही काळ डळमळले. परंतु सावंतांचा कर्ण उदात्ततेकडे झेपावतो. श्वाब यांची पात्रे उदात्त होत नाहीत. त्यांना समजून घेण्यासाठी उदात्ततेची अट घातलेली नाही, हा या दोन दृष्टींतील भेद होय.

५. मार्सेला : वैराच्या जोडीत तिसरा कोन

दोन पुरुषांच्या वैरात उत्तरभागाने एका स्त्रीला आणून उभे केले आहे. मार्सेला रिगिन्स ही मेरिटमधील एका गुंडाची पत्नी. रूप आणि बुद्धी दोन्ही असलेल्या या स्त्रीच्या बुद्धीची दखल तिच्या भोवतीच्या पुरुषांनी कधी घेतलेली नाही. नवरा तिला घरासकट जाळून मारण्याचा प्रयत्न करतो. ती वाचते, आणि स्पर्शाने कोणत्याही वस्तूचा वा देहाचा नाश करण्याची शक्ती घेऊन परतते. तिचा पहिला सूड नवऱ्यावर असतो. परंतु ती तेथे थांबत नाही, संपूर्ण शहराच्या सत्तेवर हक्क सांगते. तिच्या साथीला जोनाथन आणि जून हे दोन असामान्य येतात. त्यांपैकी जून ही दुसऱ्यांची रूपे धारण करणारी, आणि स्वतःला झालेली इजा त्या मूळ माणसांवर ढकलणारी आहे.

मार्सेलामुळे दोन गोष्टी साधतात. पहिली, ‘सूड’ या कल्पनेचे निरनिराळे स्तर दिसतात. व्हिक्टर आणि एली यांचा सूड एकमेकांपुरता मर्यादित आहे. मार्सेलाचा सूड एका व्यवस्थेवर आहे. नवरा मेला तरी ज्या जगाने तिला शोभेची वस्तू मानले ते जग उरतेच. दुसरी, व्हिक्टर आणि एली लपून राहतात. मार्सेला लपण्यास नकार देते. असामान्यांनी झाकून जगावे ही ईऑनची अपेक्षा आणि बायकांनी बेताने वागावे ही समाजाची अपेक्षा यांचे साम्य कादंबरीत न बोलता व्यक्त होते. वाचकाला मार्सेलाच्या उदयात निःसंशय आनंद मिळतो. हा आनंदही कसोटीवर घासला जातो, कारण तिच्या सत्तेखाली भरडली जाणारी माणसे सगळी अपराधी नसतात.

६. आस्वादाची मीमांसा

अशा पात्रांच्या सहवासात आनंद का वाटावा? अ‍ॅरिस्टॉटलच्या मते शोकात्म नायक सर्वगुणसंपन्न नसावा आणि सर्वस्वी दुष्टही नसावा. दुष्टाच्या पतनाने करुणाही वाटत नाही आणि भीतीही. या निकषावर व्हिक्टर आणि एली बसत नाहीत, कारण ते दोघे दुष्टतेच्या बाजूला बरेच झुकलेले आहेत. तरीही एलीच्या कोठडीत करुणा आणि भीती दोन्ही उत्पन्न होतात. तेव्हा या निकषाला पूरक अशी दुसरी उपपत्ती शोधावी लागते.

न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे उपयुक्त वाटते. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःची भूमिका पूर्णतः विसरत नाही. या दुहेरी अवस्थेतून वाङ्मयीन आनंद उत्पन्न होतो, असा तिचा आशय आहे. नीतिमान नायकाच्या कथेत या दोन भूमिकांतील अंतर थोडे असते, त्यामुळे ते सहसा जाणवतही नाही. व्हिक्टरच्या भूमिकेत शिरताना मात्र ते अंतर सतत जाणवते. तो पिस्तूल उचलतो तेव्हा आपण त्याच्यासोबत असतो, आणि त्याच क्षणी आपल्याला ते उचलवणार नाही हेही आपल्याला ठाऊक असते. समाधी आणि विकल्प यांतील ताण येथे वाढतो, म्हणून आनंदही तीव्र होतो. केळकरांच्या उपपत्तीला आधुनिक प्रतिनायकप्रधान कादंबरीत नवे क्षेत्र मिळते, असे म्हणावयास हरकत नाही.

रचनेच्या अंगाने पाहता मर्ढेकरांच्या लयतत्त्वाचा आधार घेता येईल. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनी मर्ढेकर सौंदर्यरचनेचे स्पष्टीकरण करतात. व्हिक्टर आणि एली यांच्यात ही तिन्ही तत्त्वे दिसतात. दोघांची बुद्धी, एकाकीपणा आणि मृत्यूचा अनुभव समान आहे, हा संवाद. एकाची शक्ती वेदनेची आणि दुसऱ्याची जखम भरण्याची, एक श्रद्धाहीन आणि दुसरा श्रद्धेने आंधळा, हा विरोध. पहिल्या भागात एक मरतो आणि दुसरा कोठडीत जातो, दुसऱ्या भागात एक कायमचा मरतो आणि दुसरा पुनःपुन्हा मरत राहतो, हा समतोल. काळाची मोडतोड करून मागे-पुढे जाणारी प्रकरणे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर दिलेला काळाचा निर्देश, यांमुळे ही लय वाचकाच्या प्रत्ययास येते. पुढे काय होणार यापेक्षा हे कसे झाले, या प्रश्नाकडे वाचकाचे लक्ष वळते. नैतिक विचाराला ही रचना पोषक आहे, कारण परिणाम अगोदर ठाऊक असल्यावर वाचक कारणे तपासू लागतो.

७. मर्यादा

या कादंबरीच्या गुणांबरोबर तिच्या मर्यादांचीही नोंद करणे आवश्यक आहे. ‘व्हिशस’ची बांधणी घट्ट होती, तिच्यात दोनच माणसांचे वैर होते आणि प्रत्येक प्रकरण त्या वैराच्या दिशेने सरकत होते. ‘व्हेंजफुल’चा विस्तार मोठा, पात्रे अधिक आणि केंद्रे अनेक आहेत. मार्सेलाचे कथानक आणि व्हिक्टर-एलीचे कथानक दीर्घ काळ समांतर चालतात व अखेरीस जवळ आणले जातात. ही जवळीक काहीशी घाईने घडविल्यासारखी वाटते. जूनसारख्या कुतूहलजनक पात्राच्या पूर्वायुष्याला पुरेसा अवकाश मिळालेला नाही. ईऑन ही संस्था कोणत्या कायद्याच्या आधारावर चालते, तिला जाब कोण विचारतो, हे प्रश्न कादंबरी उपस्थित करते आणि सोडून देते. मानवी देहावरील प्रयोगांसारखा गंभीर विषय हाताळताना ही उणीव खटकते.

व्हिक्टर आणि एली यांचा अंतिम सामना संक्षिप्त आहे, याविषयीही तक्रार होऊ शकते. एलीची जखमा भरण्याची शक्ती निकामी झालेली असताना व्हिक्टर त्याला ठार करतो. दोन ग्रंथांएवढ्या प्रतीक्षेनंतर हा प्रसंग भव्य असावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु ही तक्रार प्रस्तुत लेखकास मान्य नाही. सूड पूर्ण झाल्यावर हाती काही लागत नाही, हा या कादंबरीचा निष्कर्ष असेल, तर त्या प्रसंगाला भव्यता देणे हे त्या निष्कर्षाशी प्रतारणा करणारे ठरले असते. एली मेल्यानंतरही व्हिक्टरचे झटके थांबत नाहीत. तो सिडनी आणि मिच यांना सोडून एकटा निघून जातो. ज्या लहानशा कुटुंबामुळे वाचकाने त्याला आपले मानले होते, तेच तो मागे ठेवतो. वाचकाने त्याच्या खात्यात जमा केलेली माया येथे परत मागून घेतली जाते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘व्हेंजफुल’ ही कादंबरी नायकाचे स्थान रिक्त ठेवून दोन प्रतिनायकांना समोरासमोर उभे करते. त्यामुळे वाचकाची सहानुभूती गुणांवर न ठरता तुलनेवर ठरते, आणि ही बाब वाचकाच्या लक्षात आणून देणे हे उत्तरभागाचे मुख्य कार्य आहे.

२) उत्तरभागाचे वाङ्मयीन समर्थन पूर्वभागाच्या विजयाला प्रश्न विचारण्यात असते. व्हिक्टरचे सदोष पुनरुज्जीवन, त्याने घेतलेले बळी आणि सिडनीची घुसमट यांतून हा प्रश्न प्रभावीपणे विचारला गेला आहे.

३) एलीच्या छळाची प्रकरणे वाचकाच्या सूडबुद्धीची परीक्षा घेतात. वैऱ्याचे कारण समजून घेणे आणि त्याला क्षमा करणे यांतील भेद लेखिकेने कायम राखला आहे.

४) अशा वाङ्मयाचा आनंद नैतिक प्रश्नांपासून पळ काढून मिळतो, हा समज या कादंबरीपुरता तरी टिकत नाही. सविकल्प समाधीच्या उपपत्तीने या आनंदाचे समाधानकारक स्पष्टीकरण देता येते.

५) विस्तारलेल्या कथानकामुळे कादंबरीची बांधणी पूर्वभागाइतकी घट्ट राहिलेली नाही, काही पात्रे आणि काही प्रश्न अर्ध्यावर राहिले आहेत.

अखेरीस एक मुद्दा अध्यापनाच्या संदर्भात नोंदवावासा वाटतो. आपले विद्यार्थी अशा कादंबऱ्या वाचणारच आहेत. त्या वाचनाला कमी लेखल्याने ते थांबत नाही. फक्त ते वर्गाबाहेर राहते, आणि त्यातून निर्माण होणारे प्रश्नही वर्गाबाहेर राहतात. दोन वाईटांतील एक आपल्याला बरा का वाटतो, आपल्या बाजूच्या माणसाने केलेली हत्या आपल्याला हलकी का वाटते, शिक्षा आणि छळ यांतील सीमा आपण कोठे आखतो, हे प्रश्न कोणत्याही वाङ्मयवर्गाला शोभणारे आहेत. व्हिक्टर आणि एली हे अखेर एका विद्यापीठाचे हुशार विद्यार्थी होते. त्यांच्या प्रबंधाचा विषय काय आहे हे त्यांच्या प्राध्यापकाला ठाऊक होते. तो विषय त्यांना कोठे नेणार आहे हे विचारणारे मात्र तेथे कोणी नव्हते.